ओळख, ठेकेदार आणि शाळा

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत इच्छापोर येते. इथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने (जीआयडीसी) वसवलेला हिरे-दागिन्यांचा पार्क आहे. पुढे तापीच्या मुखाकडे कृभको, ओएनजीसी, लार्सन अँड टुब्रो, रिलायन्स, आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टील यांचे कारखाने, कवासचे वीजकेंद्र आणि बंदर अशी रांगच लागते. १९८०च्या दशकात समुद्रातला नैसर्गिक वायू हजिऱ्याला आला आणि त्याच्या पाठोपाठ खत, पोलाद, पेट्रोकेमिकल असे सगळे आले. कामाची एवढी दाटी देशात थोड्याच ठिकाणी सापडेल. तरीही या पट्ट्यात किंवा सुरतेच्या दुसऱ्या टोकाला लिंबायत-उधन्यात व्यवसाय अभ्यासक्रम शिकणाऱ्या बारावीच्या मुलाला नोकरी कशी लागते असे विचारले, तर उत्तरे दोनच मिळतात: ओळखीने, नाही तर ठेकेदाराकडून. शाळेतून लागते, हे तिसरे उत्तर क्वचितच ऐकू येते. ते नेहमीचे उत्तर व्हावे यासाठी काय करावे लागेल, हा या लेखाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. सुरत ते अमळनेर अशी तापी व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि त्या रुळांवरून नंदुरबार, धुळे, जळगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला येत राहिली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत आजही अहिराणी कानावर पडते. महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगूबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. या मुलांचे वडील लूमच्या खात्यात (म्हणजे कारखान्यात), डाइंग मिलमध्ये, कापड बाजारात किंवा हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या चाकावर, काम करतात. मूल नववीत व्यवसाय विषय घेते, इलेक्ट्रिकल, रिटेल, ब्यूटी, आयटी असे काहीतरी शिकते, आणि बारावी झाले की बहुतेकदा काकाच्या खात्यातच उभे राहते.

ओळखीची चाल वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. याच चालीने हजारो घरे उभी राहिली. गावाहून आलेल्या पोराला पहिल्या रात्री झोपायला जागा आणि दुसऱ्या दिवशी हाताला काम ओळखीनेच दिले, कुठल्या कार्यालयाने नाही. पण तिच्या दोन मर्यादा आहेत. ओळख माणसाला तिथेच नेते जिथे ओळखीची माणसे आधीपासून आहेत. मामा लूमवर असेल तर भाचा लूमवर जातो. त्याने शाळेत वायरिंग शिकले होते की बिलिंग, याचा संबंध उरत नाही. दुसरी मर्यादा मंदीत दिसते. २०२२नंतर हिऱ्याची बाहेरची मागणी घटत गेली. कारखान्यांनी सुट्ट्या लांबवल्या, कामाचे तास कमी केले. तेव्हा ज्या घरात वडील, भाऊ आणि शेजारी सगळेच हिऱ्यात होते, त्या घराला दुसरीकडे शब्द टाकणारे कोणी नव्हते. एका धंद्यातली ओळख त्या धंद्याबरोबरच आटते.

ठेकेदाराचा मार्ग त्याहून वेगळा. मोठ्या कारखान्याच्या आत जायला गेटपास लागतो आणि तो ठेकेदार चार दिवसांत मिळवून देतो. मुलाला आणि घरच्यांना वाटते, कंपनीत लागला. प्रत्यक्षात त्याची भरती हेल्पर म्हणून झालेली असते. दोन वर्षे शिकलेल्या व्यवसायाचे प्रमाणपत्र पिशवीतच राहते, कारण ते कोणी मागितलेलेच नसते. काम संपले की पास संपतो. पुढच्या ठेक्यात तो पुन्हा हेल्पर. पाच वर्षांनी त्याच्याकडे पाच वर्षांचा अनुभव असतो, पण तो कशाचा, हे सांगणारा एकही कागद नसतो.

शाळेने मुलाला कामाच्या दारापर्यंत पोचवावे, ही कल्पना नवी नाही. सुरत मुंबई राज्यात असतानाच, १९५०मध्ये, मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचे स्वतंत्र कार्यालय सुरू केले होते. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने शाळांमध्ये मार्गदर्शन अधिकारी आणि करिअर मास्टर असावेत, असे सुचवले. कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्यावर भर दिला. १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने तर १९९५पर्यंत उच्च माध्यमिकचे २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शाखेकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९८८मध्ये केंद्राची योजना आली आणि महाराष्ट्रात एमसीव्हीसी म्हणून ओळखले जाणारे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम त्याच सुमारास सुरू झाले. गुजरातच्या बोर्डाचाही बारावीला स्वतंत्र व्यवसायलक्षी प्रवाह आहे. इतके होऊन २०२०च्या शैक्षणिक धोरणाला नोंदवावे लागले की १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी ५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतले आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेचा तो अंदाज आहे. त्याच ठिकाणी जर्मनीचा आकडा ७५ टक्के आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिला आहे.

या सत्तर वर्षांत अभ्यासक्रम आले, यंत्रे आली, कंत्राटी का होईना प्रशिक्षक आले. मार्गदर्शनाचा उल्लेखही पुन:पुन्हा झाला. पण बारावीच्या वर्गातल्या एका विशिष्ट मुलाला एका विशिष्ट कारखान्यापर्यंत नेण्याचे काम शाळेतल्या कोणाच्या नावावर लागले नाही. मुख्याध्यापकाकडे परीक्षा आणि अनुदान, व्यवसाय प्रशिक्षकाकडे तासिका आणि दर वर्षी नूतनीकरणाची चिंता. ज्या प्रशिक्षकाची स्वतःची नोकरी मार्चनंतर टिकेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते, त्याच्याकडून तीन वर्षे उद्योगांशी नाते जोडण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्राने २०१६पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, तो अनुभव इथे उपयोगी पडतो. श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने राज्य मंडळाने लाखो मुलांची आवड तपासली आणि कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असा कल कागदावर छापून दिला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम करणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि अनेक घरांत आईवडिलांनी मुलाची आवड पहिल्यांदा त्या कागदावर वाचली. मात्र कागद हातात आल्यावर जो प्रश्न पडतो, म्हणजे माझा कल तांत्रिक आहे, आता माझ्या तालुक्यात मी कुठे जाऊ, तो विचारायला समोर माणूस नव्हता. चाचणीने बोलणे सुरू होते. पुढचे बोलणे माणसानेच करावे लागते, आणि त्या माणसाला तालुका ठाऊक असावा लागतो.

तालुका ठाऊक असणे म्हणजे काय, ते इच्छापोरवरून समजते. हिऱ्याचा कारखाना म्हटला की मुलांच्या आणि पालकांच्या डोळ्यांसमोर घंटी येते, चार कारागीर भोवती बसलेले आणि नगावर मजुरी. पण आज कच्चा हिरा घंटीवर जाण्याआधी स्कॅनरमध्ये फिरतो. संगणक त्याच्या आतले डाग आणि चिरा टिपतो, आणि त्या हिऱ्यातून कोणत्या आकाराचे किती नग काढले तर सर्वाधिक किंमत येईल, हे प्लॅनर पडद्यावर ठरवतो. मग लेसर कापणी, मग घाट, तळिये, मथाळे असे घडवण्याचे आणि पैलू पाडण्याचे टप्पे, शेवटी प्रतवारी. संगणकावर आकृत्या काढायला आवडणारी मुलगी प्लॅनिंगच्या कामात बसू शकते. नजर पक्की असलेला मुलगा प्रतवारीत जाऊ शकतो. कतारगामची इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट १९७८पासून हिऱ्याचेच काम शिकवते आहे. आणि त्याच मुलाला हेही सांगायला हवे की हा धंदा जगाच्या बाजारावर उभा आहे, तेव्हा हातात संगणकाचे असे एक काम असू द्या जे कापड, औषध किंवा गोदाम अशा दुसऱ्या क्षेत्रातही चालेल. एवढे बोलायला समुपदेशकाने कारखान्याच्या आत जाऊन पाहिलेले असले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून पुस्तिका वाटणाऱ्याला हे जमणार नाही.

हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांबाबत एक अडचण आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. खत, पोलाद, पेट्रोकेमिकल आणि वीजनिर्मिती हे सगळे उद्योग १९४८च्या कारखाने कायद्याने धोकादायक प्रक्रियांच्या यादीत घातले होते. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१च्या कायद्यात प्रवेशाचे किमान वय १४ आहे, पण धोकादायक उद्योगांशी जोडलेल्या व्यवसायांसाठी ते १८ आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदाही १८ वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवू देत नाही. हे नियम योग्यच आहेत, ते सैल करा असे कोणी म्हणू नये. पण बारावीचा निकाल लागतो तेव्हा वर्गातली कितीतरी मुले सतरा वर्षांची असतात. त्यांच्यापुढे काही महिन्यांची, कधी वर्षभराची रिकामी जागा पडते. याच काळात मूल ओळखीच्या खात्यात जाते किंवा वय न विचारणाऱ्याच्या हाती लागते, आणि तिथून परत येत नाही. शाळेकडे जन्मतारखांची नोंदवही आहे. नववीतच कळू शकते की हा मुलगा बारावीनंतर सात महिने गेटच्या बाहेर राहणार आहे. त्या सात महिन्यांसाठी आयटीआयचा अल्पकालीन वर्ग, एखाद्या दुकानातली किंवा कार्यालयातली शिकाऊ उमेदवारी, असे काहीतरी आधीच ठरवून ठेवणे ही प्लेसमेंटच आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

शिकाऊ उमेदवारी हाच शाळेच्या हातातला सर्वात भक्कम दुवा आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. १९८६च्या दुरुस्तीने बारावी व्यवसाय शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी या कायद्यात स्वतंत्र वर्ग केला. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९च्या नियमांनी या मुलांचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरवले. पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे आणि महाराष्ट्र, गुजरात, गोवा ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे हजिऱ्याच्या कंपन्यांकडे शाळेने जायचे ते उपकार मागायला नाही. कंपनीला उमेदवार घ्यावे लागतातच, शाळेला एवढेच म्हणायचे असते की तुमच्या कोट्यातल्या दहा जागा आमच्या मुलांसाठी धरा आणि कोणत्या कामाला कसला मुलगा हवा ते दिवाळीपूर्वी सांगा. उमेदवारीच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र ठेकेदाराकडच्या पाच वर्षांपेक्षा पुढे जास्त उपयोगी पडते. मात्र उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, ती संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते, हे मुलाला आणि बापाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले पाहिजे. न सांगितल्याने वर्षाच्या शेवटी घरात जो विश्वास मोडतो, त्यामुळे त्या गल्लीतली पुढची दोन मुले येत नाहीत.

समुपदेशनात पगाराचा कागद वाचायला शिकवणे यावे, असा आमचा आग्रह आहे. एक उदाहरण घेऊ. भरती मेळाव्यात मुलाला सांगितले जाते: सीटीसी, म्हणजे कंपनीला येणारा एकूण खर्च, १६,१३५ रुपये. तो घरी सोळा हजार सांगतो. आता मांडणी पाहा. मूळ वेतन १४,००० धरले तर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १२ टक्क्यांनी १,६८० आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, सव्वातीन टक्क्यांनी ४५५. मूळ वेतनात हे दोन्ही मिळवले की १६,१३५ होतात. मुलाच्या १४,०००मधून त्याचा स्वतःचा पीएफ १,६८०, ईएसआय १०५ आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० वजा होतो. हातात १२,०१५ येतात. त्यातून लिंबायतहून इच्छापोरला रोजचे जाणे-येणे, जेवण, बूट. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मुलाला वाटते आपल्याला फसवले, आणि तो काम सोडतो. खरे तर यात फसवणूक नाही. पीएफ त्याच्याच नावावर जमा होतो आहे आणि ईएसआयमुळे आईचे औषधपाणीही होऊ शकते. पण हे मेळाव्याच्या गर्दीत कोणी सांगत नाही. उलटे उदाहरणही तितकेच खरे असते: रोख १३,००० देणारा, पीएफ नाही, ईएसआय नाही, बोट कापले तर दवाखाना स्वतःच्या खर्चाने. दोन्ही कागद शेजारी ठेवून वर्गात एक तास बसले, तर मुले ही गणिते मोठ्यांपेक्षा लवकर करतात.

जपानने मुलांना कामाला लावण्यात शाळेला थेट गुंतवले आहे. तिथे उच्च माध्यमिक शाळेतून थेट कामावर जाणाऱ्या मुलासाठी कंपनी आपल्या जागेचा कागद आधी सरकारी रोजगार कार्यालयात दाखवते. तिथे वेतन, तास, सुट्ट्या तपासल्या जातात आणि मगच, १ जुलैपासून, तो कागद शाळांकडे जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळेमार्फत अर्ज, महिन्याच्या मध्याला निवड, आणि एप्रिलमध्ये मूल कामावर. सुरुवातीला एका मुलाने एकाच कंपनीत अर्ज करायचा, अशी तिथली रूढी. या पद्धतीने मूल रिकामे राहत नाही आणि खोट्या जाहिरातीला वाव राहत नाही. दोषही उघड आहेत. मुलाला तुलना करायला मिळत नाही, शिक्षकाने सुचवलेले घ्यावे लागते, आणि तीन वर्षांत दहापैकी जवळपास चार मुले पहिली नोकरी सोडतात. आपण ती रूढी उचलू नये. जागेचा कागद आधी तपासायचा आणि मग शाळेत आणायचा, एवढे मात्र घ्यावे. सुरतेत जिल्हा रोजगार कार्यालय आहे, गुजरातचे अनुबंधम पोर्टल २०२१पासून आहे, केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५पासून आहे. या सगळ्यांवर नोंद मुलाने एकट्याने, मोबाइलवरून, बहुधा दुसऱ्याच्या मोबाइलवरून करायची असते. तपासणीचे काम रोजगार कार्यालयाने आणि समजावण्याचे काम शाळेने केले, तर नवे पोर्टल काढण्याची गरजच नाही.

आपल्याकडे याहून जवळचे एक काम झाले आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले गावासाठी खरी कामे करतात: वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, रोपवाटिका. ज्याच्या घराचे दार त्या मुलाने जोडून दिले, तो माणूस उद्याचे गिऱ्हाईक असतो. मुलाच्या हाताला किती येते, हे गाव पाहत असते, आणि तेच त्याचे शिफारसपत्र. शहरात हेच करायचे तर शाळेच्या वायरिंगपासून सुरुवात करावी.

मुलींचा प्रश्न निराळा आहे. मुलीच्या घरी पगाराआधी एक प्रश्न विचारला जातो: घरी यायला किती वाजतील? तापी ओलांडून, शहर ओलांडून इच्छापोरला जायचे, तर कंपनीची बस कुठून सुटते, पाळी कधी संपते, तिथे आणखी किती मुली आहेत, तक्रार कोणाकडे करायची, याची उत्तरे तयार हवीत. ही उत्तरे घेऊन शिक्षिकेने घरी जावे. आईला एकदा कारखान्याच्या दारापर्यंत नेऊन आणले, तर वर्षभराचे समजावणे वाचते. ब्यूटी आणि शिवणकाम एवढेच मुलींचे, ही समजूतही शाळेतच मोडावी लागेल, कारण वर्गवारी तिथेच होते.

भाषेकडेही पाहायला हवे. मराठी माध्यमातून आलेले सुरतेतले मूल पुढे गुजराती माध्यमाच्या आयटीआयमध्ये बसते, फॉर्म इंग्रजीत भरते आणि साहेबाशी हिंदीत बोलते. तीन भाषांत चुकत बोलण्याची लाज त्याला मुलाखतीत गप्प बसवते, आणि समोरचा समजतो की याला काही येत नाही. अशा मुलाशी निदान पहिले बोलणे त्याच्या भाषेत व्हावे. लिंबायत-डिंडोलीत निवृत्त मराठी फोरमन, सुपरवायझर, बँक कर्मचारी कमी नाहीत. सुरतेतल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग आणि अशा माणसांच्या आठवड्यातल्या दोन संध्याकाळी या कामाला द्याव्यात, ही विनंती आम्ही मनापासून करतो.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक सुचवते. तेवढे आपल्याला लगेच परवडणार नाही. पण चार-पाच व्यवसाय शाळांमागे एक पूर्णवेळ माणूस अशक्य नाही. त्याची नेमणूक निदान पाच वर्षांची असावी. त्याने नववीत मुलाशी बोलावे, अकरावीत त्याला काम दाखवावे, बारावीत कागद वाचावेत आणि कामावर गेल्यानंतरचे पहिले तीन महिने दर पंधरवड्याला फोन करावा. मुले काम सोडतात ती बहुतेक याच तीन महिन्यांत, आणि कारणे फार मोठी नसतात: सुपरवायझर ओरडला, डबा गार खावा लागतो, रात्रपाळी आधी सांगितली नव्हती. अशा वेळी मोठ्या माणसाशी दहा मिनिटे बोलायला मिळाले तर मुलगा टिकतो. आणि जिथे खरेच चुकीचे काही चालले आहे, तिथून त्याला बाहेर काढणे हेही याच माणसाचे काम.

मेळाव्यात किती पत्रे वाटली, हा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. शाळेला आणि सरकारला विचारायचा आकडा निराळा आहे: बारावी झालेल्या मुलांपैकी एक वर्षानंतर किती जण कामावर किंवा पुढच्या शिक्षणात आहेत, आणि कामावर असलेल्यांपैकी किती जण शिकलेल्या व्यवसायात. हा आकडा काढायला आयोग लागत नाही. गेल्या वर्षीच्या वर्गाची यादी प्रत्येक शाळेच्या कपाटात आहे, तिच्यावर पालकांचे फोन नंबर आहेत. जूनमध्ये नववीचे नवे प्रवेश सुरू होण्याआधी व्यवसाय शाळांनी ती यादी काढावी आणि एकेका घरी फोन लावावा. जी उत्तरे येतील ती लिहून मुख्याध्यापकांनी शिक्षण समितीच्या आणि रोजगार कार्यालयाच्या टेबलावर ठेवावीत.